वेशीबाहेरचा मुक्काम : मराठी साहित्यातील सीमानुभवाची फेरतपासणी

प्रास्ताविक

गेल्या काही वर्षांत मराठी समीक्षेत ‘परीघ’, ‘सीमांत’, ‘काठावरचे’ आणि ‘उंबरठ्यावरचे’ या शब्दांचा वापर फार वाढला आहे. शोधनिबंधांच्या शीर्षकांत हे शब्द दिसतात, चर्चासत्रांच्या निमंत्रणपत्रिकांत दिसतात आणि आता विद्यापीठीय उत्तरपत्रिकांतही दिसू लागले आहेत. शब्द रूढ झाला म्हणजे संकल्पना स्पष्ट झाली, असे होत नाही. पुष्कळदा उलटेच होते. दलित, भटक्या आणि स्त्रियांच्या लेखनाविषयी बोलताना ‘सीमांत’ म्हणून टाकले की पुढे काही सांगण्याची आवश्यकता उरत नाही, असा एक सोयीस्कर समज आपल्या समीक्षाव्यवहारात रुजला आहे. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी करावयाची आहे. सीमेचा अनुभव म्हणजे नेमके काय, तो कोणाचा, आणि सीमेच्या कोणत्या बाजूने घेतलेला, हे प्रश्न विचारल्याशिवाय या शब्दांना समीक्षेची परिभाषा म्हणता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सीमाविचाराची पाश्चात्त्य मांडणी

सीमा या कल्पनेचा तात्त्विक विचार करणाऱ्यांत कांटचे नाव आधी घ्यावे लागते. १७८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोलेगोमेना’ या ग्रंथात त्याने सीमा आणि मर्यादा यांत भेद केला. मर्यादा हा केवळ अभाव आहे. एखादी गोष्ट येथवरच आहे, पुढे नाही, एवढेच ती सांगते. सीमा मात्र स्वतःच्या पलीकडे काही अवकाश असल्याचे गृहीत धरते आणि त्यामुळे तिचा संबंध दोन्ही बाजूंशी असतो. हा भेद वरवर पाहता निव्वळ ज्ञानमीमांसेतील वाटतो. परंतु पुढील विवेचनात तो फार उपयोगी पडणार आहे, म्हणून त्याची नोंद येथे करून ठेवतो.

जर्मन समाजचिंतक गेऑर्ग झिमेल याने सीमेला ज्ञानाच्या क्षेत्रातून घराच्या दारापर्यंत आणले. १९०९ मधील ‘पूल आणि दार’ या छोट्या निबंधात त्याने असे मांडले की, जोडणे आणि तोडणे या दोन्ही क्रिया माणूसच करतो; भिंत मुकी असते, दार मात्र बोलते, कारण ते उघडताही येते आणि लावताही येते. त्याआधी, १९०८ मधील आपल्या समाजशास्त्रावरील ग्रंथात, त्याने अधिक मूलगामी विचार सांगितला होता : सीमा ही मुळात सामाजिक वस्तुस्थिती असून तिला अवकाशात आकार मिळतो, जमिनीवर आधी रेघ होती आणि तिचे सामाजिक परिणाम झाले, असे नव्हे.

१९०९ मध्येच आर्नोल्ड व्हान गेनेप याचा संक्रमणविधींवरील ग्रंथ आला. जन्म, विवाह, मृत्यू अशा प्रसंगांच्या विधींत विलग होणे, उंबरठ्यावर असणे आणि पुन्हा सामावले जाणे अशा तीन अवस्था त्याने दाखवल्या. व्हिक्टर टर्नर याने १९६९ मध्ये यांतील मधल्या अवस्थेचा विस्तार केला. आपल्याकडे ‘सीमांतता’ म्हणून जी कल्पना फिरते तिचा मोठा भाग टर्नरकडून आलेला आहे. शिवाय कार्ल यास्पर्सची ‘सीमास्थिती’ आहेच. मृत्यू, दुःख, संघर्ष आणि अपराधभाव यांना माणूस टाळू शकत नाही. तेथे तो आपल्या अस्तित्वाच्या कडेला येऊन थांबतो आणि स्वतःला सामोरा जातो, असा त्या विचाराचा गाभा.

या सर्व मांडण्यांत एक गृहीतक समान आहे, आणि त्याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. येथे माणूस सीमेपर्यंत ‘येतो’. तो कोठून तरी निघालेला असतो. त्याला आत आहे, म्हणून बाहेर आहे. दार उघडून जाणारा झिमेलचा माणूस घरातला असतो. व्हान गेनेपचा दीक्षार्थी समाजातून काही काळ बाहेर काढला जातो, आणि त्याला परत घेतले जाणार हे सर्वांना ठाऊक असते. आपल्याकडील दसऱ्याचे सीमोल्लंघन हे याचे घरगुती उदाहरण होय. गाव वाजतगाजत शिवेबाहेर जाते, आपट्याची पाने घेते आणि दिवेलागणीला घरी येऊन ओवाळून घेते. परत येण्याची हमी असलेले असे हे उल्लंघन असते.

मराठीतील सीमावाचक शब्द

या पार्श्वभूमीवर मराठीकडे वळावे. सीमेसाठी आपल्या भाषेत एक शब्द नाही, अनेक आहेत, आणि ते परस्परांना पर्याय नाहीत. शेता-शेतांमधला तो बांध; कोकणात मेर. गावाच्या संपूर्ण जमिनीची हद्द ती शीव. (मुंबई बेट जेथे संपत असे आणि साष्टी सुरू होई त्या जागेचे ‘शीव’ हे नाव आजही रेल्वेस्थानकावर आहे, रोज तेथून जाणाऱ्या किती जणांना त्याचा अर्थ जाणवतो, हा प्रश्न निराळा.) वस्तीभोवतीची भिंत ते गावकूस, आणि त्या भिंतीतील दरवाजा ती वेस. घराच्या दाराशी उंबरठा.

आता ‘गावकुसाबाहेर’ या शब्दाचा विचार करू. आपण तो ‘गावाबाहेर’ या अर्थाने वापरतो आणि तेथेच चूक करतो. महारवाडा कुसाच्या बाहेर होता, पण शिवेच्या आत होता. दोन सीमांच्या मधोमध तो वसलेला होता. शिवेच्या आत असल्यामुळे गावाची सारी कामे त्याच्यावर बंधनकारक होती : सांगावे पोहोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, सरकारी अंमलदारांची सरबराई करणे आणि रात्रीचा पहारा. कुसाच्या बाहेर असल्यामुळे गावाचे पाणी, देऊळ आणि सोबत यांवर त्याचा हक्क नव्हता. म्हणजे हे साधे बहिष्करण नव्हते. एका सीमेने बांधून ठेवणे आणि दुसरीने दूर ठेवणे, अशी ही दुहेरी रचना होती. केंद्र आणि परीघ या भूमितीच्या प्रतिमेत ती मावत नाही, कारण त्या प्रतिमेत वर्तुळ एकच असते.

या रचनेतील सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे वेसकर, बोलीत येसकर. वेशीची राखण ज्याच्याकडे होती तो वेशीच्या आत राहू शकत नव्हता. शिवेवरून दोन गावांत तंटा पडला तर महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई, कारण गावाची हद्द कोठून कोठे जाते हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसे. सीमेचे ज्ञान ज्याच्यापाशी, त्याला सीमेच्या आत स्थान नाही. कांटचा भेद येथे लावून पाहावा. गावकऱ्याच्या दृष्टीने कूस ही केवळ मर्यादा होती; पलीकडे जे आहे ते आपले नाही, एवढे कळले की त्याचे काम भागत असे. येसकराला मात्र ती खऱ्या अर्थाने सीमा होती. तिच्या दोन्ही बाजू त्याला ठाऊक होत्या. आत तो भाकरीसाठी दारोदार जाई, बाहेर तो राही. ज्ञानाच्या दृष्टीने पाहता अज्ञान आतल्या माणसाचे होते.

हे लिहिताना प्रस्तुत लेखकाने आपली बाजूही सांगणे उचित ठरेल. माझे घर कुसाच्या आत होते. आमच्या गावची वेस माझ्या लहानपणी पडकी होती, एका बाजूचा बुरूज तेवढा उभा होता. वेशीपलीकडे खेळायला जाऊ नये असे आजी सांगत असे, आणि आम्ही त्याचे कारण कधी विचारले नाही. वरील परिच्छेदात ज्या अज्ञानाचा उल्लेख केला आहे त्यात माझाही वाटा आहे.

‘अंत्य’ या शब्दाचा अर्थ

या प्रश्नाचा सीमेच्या अंगाने सर्वांत खोल विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला, परंतु तत्त्वज्ञानाच्या किंवा साहित्याच्या विभागांत त्याची त्या दृष्टीने दखल घेतली जात नाही. ‘द अनटचेबल्स’ या १९४८ मधील ग्रंथात त्यांनी अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, असा प्रश्न विचारला. ते आधी गावात होते आणि अस्पृश्य ठरवल्यावर त्यांना बाहेर घालवण्यात आले, हे उत्तर त्यांनी नाकारले. त्यांच्या मते टोळीयुद्धांत फुटून विखुरलेली माणसे स्थिर झालेल्या वस्त्यांच्या कडेला संरक्षणाच्या बदल्यात पहाऱ्याचे काम करीत राहू लागली; अस्पृश्यता त्यानंतर फार उशिरा आली. आयर्लंड आणि वेल्समधील परक्यांच्या वस्त्यांचे दाखले त्यांनी यासाठी दिले आहेत.

या उपपत्तीतील ऐतिहासिक भागाविषयी अभ्यासकांत मतभेद असू शकतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यांचे ‘अंत्य’ या शब्दाचे वाचन. सृष्टीच्या उत्पत्तीत जो शेवटी जन्मला तो अंत्य, हा परंपरेचा अर्थ. आंबेडकर म्हणतात, अंत्य म्हणजे सृष्टीच्या शेवटचा नव्हे, गावाच्या शेवटाला राहणारा. एका शब्दाचा अर्थ काळातून अवकाशात आणताच त्याचे सारे पावित्र्यशास्त्र गळून पडते. जन्मक्रम बदलता येत नाही. वस्तीची जागा बदलता येते. झिमेलने सीमा ही सामाजिक वस्तुस्थिती असल्याचे सांगितले होते. आंबेडकरांनी शास्त्राने जन्मात नेऊन पुरलेली सीमा उकरून पुन्हा जमिनीवर आणून दाखवली. या दोघांना एका अभ्यासपत्रिकेत एकत्र शिकवले तर ते अप्रस्तुत ठरणार नाही.

हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. चोखोबांचे नाव येथे यावे यातही एक औचित्य आहे. परंपरा सांगते की, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून, शके १२६० मध्ये, म्हणजे इ.स. १३३८ मध्ये, चोखोबा तिच्याखाली गेले. ज्या कुसाच्या आत राहण्याचा अधिकार नव्हता ते कूस बांधताना त्यांना मृत्यू आला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. त्याच महाद्वाराशी नामदेवांची पायरीही आहे. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेव तेथे थांबले, अशी श्रद्धा आहे. चोखोबांना जिवंतपणी त्यापुढे जाता येत नव्हते. जागा एकच, दोघांमधील अंतर काही पावलांचे. पण एकासाठी तो उंबरठा स्वतः निवडलेला होता आणि दुसऱ्यासाठी लादलेला. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. म्हणजे चोखोबांच्या समाधीपासून मंदिराच्या दारापर्यंतची ती काही पावले चालण्यास सहाशे वर्षे लागली. टर्नरच्या परिभाषेत या सहाशे वर्षांना ‘संक्रमणावस्था’ म्हणावयाचे काय?

१९६३ : दोन खोल्या

वरील विवेचन साहित्यकृतींवर तपासून पाहिले पाहिजे. १९६३ या एकाच वर्षी मराठीत दोन पुस्तके आली : भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी आणि बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह. दोहोंचा उल्लेख वाङ्मयेतिहासात होतो, पण वेगवेगळ्या प्रकरणांत. एकाची चर्चा अस्तित्ववादाच्या संदर्भात, दुसऱ्याची दलित साहित्याच्या उगमाच्या संदर्भात. त्यांना एकत्र वाचण्याची सवय आपल्याला नाही.

‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर खानदेशातील गावातून पुण्यास येतो, वसतिगृहात राहतो, अपयश घेऊन गावी परततो. मनीच्या मृत्यूने त्याच्या जगण्याला जी चीर पडते ती यास्पर्सच्या अर्थाने सीमास्थितीच आहे. त्या भागाचे सामर्थ्य कोणीही नाकारणार नाही. पांडुरंगला गावी परतावे लागते ही त्याची शोकांतिका मानली गेली. परंतु परतण्यासाठी त्याला गाव आहे, घर आहे, वाट पाहणारी आणि शिव्या देणारी माणसे आहेत. पुण्यातील त्याच्या खोलीचे दार लावून घेणे ही त्याची इच्छा असते.

बागुलांच्या शीर्षककथेतील तरुणही परक्या शहरात येतो. त्याला रेल्वेत नोकरी मिळते आणि राहण्यासाठी जागा हवी असते. जागा मिळवायची तर जातीच्या प्रश्नाला बगल दिली पाहिजे. तो ती देतो, आणि तेथून पुढे त्या खोलीतील प्रत्येक क्षण हा सीमेवरचा क्षण होतो. दार लावले तरी सीमा आत येते, कारण ती त्याच्या नावात, बोलण्यात आणि पाहणाऱ्याच्या नजरेत आहे. गुपित फुटते, त्याला मारहाण होते आणि काशिनाथ हा सहकारी त्याला सोडवतो. काशिनाथ आपली जात लपवीत नाही. त्याची किंमत तो रोज कामावर मोजतो आणि तयारीनिशी मोजतो. कथेतील खरा पेच या दोघांच्या मध्ये आहे : सीमा अदृश्य करून जगणे की ती उघडपणे अंगावर बाळगून जगणे. तिसरा मार्ग कथा दाखवीत नाही. परत जाण्याची वाट या नायकाला नाही, कारण जेथून तो निघाला तेही वेशीबाहेरच होते.

‘कोसला’ कमी प्रतीची आहे असे येथे सुचवावयाचे नाही. मुद्दा समीक्षेचा आहे. पांडुरंगाच्या एकटेपणाला आपण ‘मानवी’ म्हटले आणि बागुलांच्या नायकाच्या एकटेपणाला ‘दलित’. एकाला तत्त्वज्ञान लाभले, दुसऱ्याला समाजशास्त्र. मृत्यू टाळता येत नाही म्हणून ती सीमा मूलभूत, आणि खोली नाकारणे हे मानवनिर्मित म्हणून ती सीमा गौण, असा यामागील छुपा तर्क आहे. पण अनुभवाच्या पातळीवर माणसाने घातलेली रेघ अधिक भेदक असते. मृत्यूपुढे सारे समान असतात. त्या खोलीच्या दारात सारे समान नव्हते, आणि तसे असण्याचे काहीच कारण नव्हते हे नायकाला माहीत होते. हे ‘माहीत असणे’ यास्पर्सच्या विवेचनात बसत नाही.

सीमेच्या आतील सीमा

आत्मकथनांनी या प्रश्नाची गुंतागुंत वाढवली. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी शिकलेल्या, शहरी दया पवारांना सांगतो. ही केवळ निवेदनाची क्लृप्ती नव्हे. धामणगाव आणि कावाखाना यांतून निघालेला माणूस पांढरपेशा जगात पोहोचला, पण कूस त्याच्या आत उभे राहिले, आणि त्याच्या दोन बाजूंना तो स्वतःच दोन नावांनी बसला आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) याहून वेगळी स्थिती आहे. गाढवांवर बिऱ्हाड लादून, टोपल्या विणीत गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाला कुसाबाहेरचीही हक्काची जागा नाही. महारवाडा दोन सीमांच्या मध्ये होता असे वर म्हटले. येथे माणूस एका गावच्या शिवेवरून दुसऱ्या गावच्या शिवेवर असतो. त्यालाही आपण ‘सीमांत’च म्हणणार असू तर त्या शब्दात काही अर्थ उरला नाही हे मान्य करावे लागेल.

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. येसकराच्या घुंगरांच्या काठीचे आणि भाकरी मागून आणण्याचे वर्णन त्यांनी केले आहे. त्या कामात लाचारी होती, आणि काठी हाती असल्याचा एक मानही होता. दोन्ही गोष्टी त्या लपवीत नाहीत. परंतु त्याच पुस्तकात महारवाड्यातील उंबरठाही आहे. ज्या घरातील स्त्रीवर बंधने अधिक त्या घराची प्रतिष्ठा अधिक, आणि बायकोला बाहेर पडू न देणे हा कर्त्या पुरुषाचा अभिमान. वेशीने ज्यांना बाहेर ठेवले त्यांनी आपल्या घरात वेस उभारली. स्त्रीवादी समीक्षेत ‘उंबरठा ओलांडणे’ हा शब्दप्रयोग इतका झिजला आहे की तो वाचताना पुढचे वाक्य आधीच कळते. कांबळे यांनी मात्र उंबरठा ओलांडून स्त्री जेथे पोहोचते तो रस्ताही वेशीबाहेरचाच आहे, हे कोणताही सिद्धान्त न सांगता दाखवले.

आणि येथवर मांडलेल्या विवेचनालाही धक्का देणारे पुस्तक म्हणजे ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३). कोकणातील त्यांच्या गावी दलितांची घरे गावाच्या कडेला नव्हती, मध्यभागी होती. हाक मारताच कामाला येता यावे म्हणून तशी योजना असावी, असे त्यांनी सुचवले आहे. घाटावरचा अभ्यासक ज्या कुसावर आपला सिद्धान्त उभारतो ते कूसच येथे नाही, आणि तरीही सीमा आहे, तितकीच कडक. मध्यभागी राहूनही माणूस वेशीबाहेर असू शकतो. चहूबाजूंनी वेढलेले असणे हा कडेला ढकलले जाण्यापेक्षा निराळा अनुभव आहे. त्याला अद्याप आपल्या समीक्षेत नाव नाही.

आजचा संदर्भ

महार वतने १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याने गेली. वेशी बहुतेक ठिकाणी पडल्या किंवा त्यांच्या जागी सिमेंटच्या कमानी आल्या. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरले. निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र नाव बदलल्यावरही ‘तिकडे’ हा शब्द हाताच्या एका विशिष्ट हालचालीसह उच्चारला जातो, हे ग्रामीण महाविद्यालयात शिकवणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

आपल्या अध्यापनातही एक कूस आहे. वाङ्मयीन प्रवाहांच्या अभ्यासपत्रिकेत दलित साहित्याचा घटक सहसा शेवटी असतो, सत्र संपत आलेले असते आणि तो घटक ‘स्वयंअध्ययना’साठी सोडला जातो. प्रस्तुत लेखकानेही एका वर्षी तसे केलेले आहे.

पुढील वर्षी मी तो घटक आधी घेतला आणि ‘जिणं आमुचं’ सुरू करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना आपापल्या गावाचा नकाशा काढावयास सांगितला. बहुतेकांनी मधोमध मारुतीचे देऊळ काढले, त्याभोवती आळ्या, शाळा, ग्रामपंचायत आणि शेवटी एक रस्ता. निम्म्यांच्या नकाशात ‘तिकडची’ वस्ती नव्हतीच. विचारल्यावर, कागद संपला, असे त्यांनी सांगितले. दोन विद्यार्थिनींनी मात्र वस्तीपासून सुरुवात केली होती : समाजमंदिर, हातपंप, प्रत्येक घर आणि त्यात राहणाऱ्यांची आडनावे. त्यांच्या नकाशात मारुतीचे देऊळ कागदाच्या अगदी कडेला होते, आणि जागा न उरल्यामुळे ते अर्धेच काढलेले होते.